विलायती टपालाचा वार

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलाचा व त्याच्या घराचा संबंध कोणत्या साधनानें टिकून राहतो, असा प्रश्न आज कोणी केला तर विचारणाराच अडाणी ठरेल. खिशांतील यंत्र काढावें, त्याच्या कांचेवर बोट टेंकावें, कीं म्युनिकमधील मुलगी पुण्यांतील आईस डोळ्यांदेखत दिसूं लागते. तिच्या खोलींतील पडदा दिसतो, टेबलावरील अर्धवट खाल्लेलें ताट दिसतें. आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षीं कांहीं विद्यार्थी समुद्रापलीकडे जातात. पुढें त्यांचे आईबाप कोठें भेटले म्हणजे आम्ही मुलांची खुशाली विचारतों. ‘रोज बोलणें होतें’, असें सगळेच सांगतात. मग थोडें थांबून त्यांपैकीं बरेच जण हळूच पुस्ती जोडतात, ‘पण त्याचें तेथें खरोखर कसें चाललें आहे, तें कांहीं कळत नाहीं.’

ही पुस्ती आमच्या मनांत घर करून राहिली. ज्या काळीं एका प्रश्नाच्या उत्तरासाठीं दोन-दोन महिने वाट पाहावी लागे, त्या काळच्या घरांस आपल्या मुलाबाळांविषयीं अधिक कळत होतें कीं कमी? साधन वेगवान् झालें म्हणजे माणसें जवळ येतात असें आपण धरून चालतों. तें कितपत खरें, हें मागील दोनशें वर्षांच्या इतिहासाच्या आधारें तपासून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शिडांच्या जहाजांच्या काळीं इंग्लंडचें पत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून येई व त्यास चार ते सहा महिने लागत. पत्रांतला आजारी मनुष्य पत्र पोहोंचेपर्यंत बरा तरी झालेला असे, नाहीं तर गेलेला तरी असे. सन १८३० च्या मार्चमध्यें मुंबईच्याच गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघाली आणि सुमारें बत्तीस दिवसांनीं सुएझला पोहोंचली. तेव्हांपासून तांबड्या समुद्राची वाट टपालास खुली होऊं लागली. परंतु खरें स्थित्यंतर झालें तें पुढील सात वर्षांच्या एका अवधींत. ता. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड आगबोटीनें मुंबई व एडन यांच्यामध्यें समुद्राच्या तळाशीं तार टाकली आणि सुएझमार्गें ती इंग्लंडच्या तारेस जोडली गेली. १८७६ मध्यें हिंदुस्थान सार्वत्रिक टपाल संघांत सामील झाला. महाराष्ट्रांतील तरुण विद्येसाठीं परदेशीं जाऊं लागल्याचीं उदाहरणें वाढत गेलीं तीं या तीन घटनांनंतर. समुद्रगमनास शास्त्री मंडळींचा विरोध होताच. परंतु आईच्या मनांतील विरोध बहुधा अंतराचा होता, आणि तो थोडासा तरी नरम पडला याचें श्रेय टपालाच्या आगबोटीस दिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लंडनचें पत्र मुंबईस सुमारें तीन आठवड्यांच्या आंत येऊं लागलें. ही टपालाची बोट आठवड्यांतून एकदां सुटे व एकदां येई, म्हणून विलायती टपालाचा एक वारच ठरून गेला होता. इकडे घरांत त्या वाराची वाट पाहिली जाई, आणि तिकडे त्या वाराच्या आदल्या रात्रीं विद्यार्थ्यास कागद पुढें घेऊन बसावें लागे. ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’ झाल्यावर पुढें काय लिहावयाचें? आठवडाभर जें घडलें त्याची निवड करावी लागे. जें घडलें त्याचा अर्थ आपल्यापुरता तरी लावावा लागे. शिवाय पत्र एकट्यासाठीं नसे. घरांतील ज्या माणसांस अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठीं तें मोठ्यानें वाचलें जाई. पत्नीसाठीं लिहिलेली ओळ दिराच्या किंवा सासऱ्याच्या तोंडून तिला ऐकावी लागे. हें ठाऊक असल्यामुळें लिहिणारा हात आंखडून लिही. तेव्हां जुनीं पत्रें म्हणजे अंतःकरणाचा मोकळा उमाळा, असें जें मानलें जातें, तें पुरतें खरें नाहीं.

तारेची गोष्ट अगदींच वेगळी होती. शतकाच्या शेवटीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील तारेस शब्दामागें सुमारें चार शिलिंग पडत. उलट १८९८ च्या नाताळापासून साम्राज्यांतर्गत पत्रास इकडून एक आणा व तिकडून एक पेनी एवढाच हंशील झाला. म्हणजे तारेच्या एका शब्दाच्या किंमतींत अठ्ठेचाळीस पत्रें जात! साहजिकच तारेंत संभाषण नसे, निर्णय असे: पोहोंचलों, उत्तीर्ण झालों, निघून यावें. १८९९ मध्यें रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणित परीक्षेंत पहिल्या स्थानाचे मानकरी झाले, तेव्हां ती वार्ता तारेनें हिंदुस्थानांत आली आणि सर्वत्र आनंद झाला. कोंकणांतील मुर्डी गांवच्या मुलाचें यश जवळजवळ तत्काळ अखिल देशास कळलें, ही तारेची करामत होय. मात्र अशा शुभ वार्ता विरळा. सामान्य घराच्या दाराशीं तारवाला उभा राहिला, कीं पाकीट फोडण्यापूर्वींच बायका रडूं लागत. तारेनें काळजी मिटविली नाहीं. तिनें काळजीस एक दार मात्र नेमून दिलें.

टपालाचें सामर्थ्य व त्याची मर्यादा हीं दोन्ही जेथें एकत्र पाहावयास मिळतात, असें उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें होय. त्यांचे पति गोपाळराव हे टपाल खात्यांतील नोकर होते, ही गोष्ट चरित्रांत ओघानें येते व वाचक ती विसरून जातो. आम्हांस ती फार अर्थपूर्ण वाटते. पत्नीच्या शिक्षणाच्या खटपटींत गोपाळरावांनीं अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तेथील एका मिशनरी मासिकांत छापलें गेलें. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल येथील मिसेस कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे गेल्या असतां तेथें तें मासिक सहज त्यांच्या हातीं लागलें, आणि त्यांनीं आपण होऊन आनंदीबाईंस पत्र घातलें. दोघींचा पत्रव्यवहार वाढत जाऊन ती परकी बाई त्यांची मावशी बनली. म्हणजे आनंदीबाई परदेशीं जाण्यापूर्वींच टपालानें त्यांच्यासाठीं तेथें एक घर उभें केलें होतें. मग ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्यांनीं कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीनें प्रयाण केलें. ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला उतरल्या. आतां उलट झालें. जें पूर्वीं टपालापलीकडे होतें तें जवळ आलें, आणि जें जवळ होतें तें टपालापलीकडे गेलें. त्या वेळीं त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्या दाखल झाल्या. तेथून पत्र टाकावें, तें अटलांटिक ओलांडून इंग्लंडला, तेथून मुंबईच्या बोटीवर, तेथून आगगाडीनें बंगालपर्यंत जावें, आणि त्याचें उत्तर त्याच वाटेनें परत यावें, यांत दोन-अडीच महिने सहज निघून जात. गोपाळरावांचा स्वभाव तापट व लहरी होता. त्यांच्या पत्रांत प्रोत्साहन असे, तसेच कठोर शब्दहि असत. घरांतील भांडण संध्याकाळीं सुरू होऊन रात्रीं मिटतें. येथें रागाचा शब्द महिन्याभरानें पोहोंचे, त्या वेळीं लिहिणाऱ्याचा राग केव्हांच शमलेला असे. वाचणारीचें दुःख मात्र ताजें असे. तिनें खुलासा लिहावा आणि तो पोहोंचेपर्यंत पुन्हां महिनाभर तो आरोप आपल्या उशाशीं घेऊन निजावें. थंडीच्या देशांत आपलें लुगडें कसें नेसावें, यासारख्या गोष्टीचाहि हिशेब इतक्या लांबून द्यावा लागे. अशा स्थितींत परीक्षा देणें किती कठीण गेलें असेल, याची कल्पना रोज शरीरशास्त्राचे ग्रंथ उघडणाऱ्या आजच्या विद्यार्थिनीनें करून पाहावी.

पण याच विलंबाची दुसरीहि बाजू आहे. ज्या मुलीचें लग्न नवव्या वर्षीं झालें, जिला पतीसमोर मान वर करून बोलण्याची समाजानें मुभा दिली नव्हती, तिला कागदावर पतीस उत्तर देण्याची सवड प्रथमच मिळाली. समोर असती तर पहिल्या वाक्यालाच तिचें बोलणें तुटलें असतें; पत्रांत तें शेवटपर्यंत जाऊं शकलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस वैद्यकीय पदवी मिळाली; तोंवर गोपाळराव स्वतः अमेरिकेंत पोहोंचले होते. त्याच वर्षीं दोघेहि मायदेशीं परतले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास आनंदीबाईंचा अंत झाला. त्या वेळीं त्यांस बावीस वर्षेंहि पूर्ण झालीं नव्हतीं. काशीबाई कानिटकर यांनीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें, त्यास मुख्य आधार या पत्रांचाच होता. तीं पत्रें नसतीं तर आनंदीबाई आपणांस एका छायाचित्रापुरत्या व दोन तारखांपुरत्या उरल्या असत्या.

आतां एका निराळ्या उदाहरणाकडे वळूं. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मोहनदास करमचंद गांधी बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठीं मुंबईहून विलायतेस निघाले. मद्य, मांस व परस्त्री यांस न शिवण्याची शपथ त्यांनीं आईपुढें घेतली होती, आणि परत गेल्यावर तिला भेटावयाचें याच ओढीनें त्यांनीं तेथील दिवस काढले. १८९१ च्या उन्हाळ्यांत ते मुंबईस उतरले, तेव्हां त्यांना कळलें कीं आई या जगांत नाहीं. ते विलायतेंत असतांनाच ती वारली होती. परमुलखांत मुलास हा आघात सोसवणार नाहीं, म्हणून थोरल्या भावानें ती बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. ही हकीकत त्यांनीं स्वतःच्या आत्मकथेंत सांगितली आहे. लक्षांत घ्या, त्या वेळीं तार होती. आठवड्याचें टपाल होतें. सुएझचा कालवा खुला होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. साधनांत कोणतीच उणीव नव्हती. उणीव ठेवली ती प्रेमानें, आणि तीहि बुद्ध्या. तोंवर घरच्या पत्रांत आईचें नांव कसें येत असेल, कीं येतच नसेल, आणि मुलाच्या तें कसें ध्यानांत आलें नसेल, हा विचार मनांत आला म्हणजे आम्हांस आजहि अस्वस्थ वाटतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या टपालाचा आणखी एक उपयोग दिसूं लागला. १९०१ ते १९०३ या काळांत ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्मशास्त्राचा अभ्यास करणारे विठ्ठल रामजी शिंदे तेथील अनुभव ‘सुबोध पत्रिके’कडे लिहून धाडीत. घरच्या माणसांस लिहावयाचें पत्र असें समाजास लिहिलेलें पत्र बनलें, आणि एका विद्यार्थ्याचा प्रवास शेंकडों वाचकांचा झाला. पुढें पहिल्या महायुद्धानें ही सगळी घडी विसकटली. १९१७ मध्यें शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परत निघाले; त्यांच्या पुस्तकांचा सांठा दुसऱ्या बोटीवर होता व ती बोट जर्मन पाणबुडीनें बुडविली. अशा काळीं बोट बुडाल्याची वार्ता तारेनें लवकर येई. परंतु त्या बोटीवर आपला माणूस होता कीं नव्हता, हें कळेपर्यंत घरांत चूल पेटत नसे. अर्धी बातमी वेगानें पोहोंचविणें हाहि तारेचा एक धर्मच होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत साधनांची जी झेप झाली, तींत पुणें जिल्ह्याचा वांटा मोठा आहे. १९२७ मध्यें खडकी व दौंड येथील केंद्रांवरून इंग्लंडशीं बिनतारी संदेशांची ये-जा सुरू झाली. १९२९ मध्यें लंडन-कराची विमानटपाल सुरू झालें, ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं तें टपाल कराचीहून स्वतः विमान चालवीत मुंबईस जुहूच्या मैदानावर आणलें. तीन आठवड्यांचें अंतर एका आठवड्यावर आलें. १९३३ मध्यें इंग्लंडशीं बिनतारी दूरध्वनि सुरू झाला आणि समुद्रापलीकडील माणसाचा प्रत्यक्ष आवाज प्रथमच इकडे ऐकूं येऊं लागला. अर्थात् विद्यार्थ्याच्या ऐपतीची ती वस्तु नव्हती. त्याच्या घरचा आधार विमानाचें पातळ निळें पत्र हाच पुढें कित्येक वर्षें राहिला. १९७१ मध्यें जुन्नर तालुक्यांत आर्वी येथें उपग्रहाशीं संधान बांधणारें ‘विक्रम’ केंद्र उभें राहिलें, आणि त्यानंतर हळूहळू दूरचा आवाज स्पष्ट व स्वस्त होत गेला. ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आंतरजाल आपल्या देशांत सामान्य जनांस खुलें झालें. जुलै २०१३ मध्यें तारेची सेवा बंद पडली, तेव्हां तिच्यासाठीं हळहळणारे लोक पुष्कळ निघाले. तिची भीति ज्यांनीं अनुभवली होती, ते मात्र फारसे बोलले नाहींत.

येथवर साधनांची कथा झाली. माणसांची कथा इतक्या वेगानें पुढें सरकलेली नाहीं. आमच्या परिचयांतील एका गृहस्थांवर हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हां त्यांची कन्या परदेशीं परीक्षेच्या तयारींत होती. बोलणें एक दिवसहि चुकलें नाहीं. रुग्णालयाच्या खाटेवर त्यांस घरचा सदरा चढविण्यांत आला, उशीमागें घरची चादर लावण्यांत आली, आणि यंत्राचा डोळा भिंतीवरील नळ्या टाळून त्यांच्या चेहऱ्यावर धरण्यांत आला. मुलीस सारें दोन महिन्यांनीं कळलें. पुढें आम्हांस असेंहि समजलें कीं, त्याच अवधींत ती स्वतः एका विषयांत नापास झाली होती आणि तिनेंहि तें घरीं कळूं दिलें नव्हतें. दोन्ही टोंकांचीं माणसें रोज एकमेकांस पाहत होतीं, आणि दोन्ही टोंकांचीं माणसें एकमेकांस जपत होतीं. राजकोटच्या त्या थोरल्या भावाची आठवण आम्हांस या प्रसंगीं तीव्रतेनें झाली. त्यास फक्त शाई आवरावी लागली. आतांच्या घरांस चेहराहि आवरावा लागतो, आणि तोहि रोज.

यंत्राचें श्रेय मात्र यंत्रास दिलेंच पाहिजे. २०२० मध्यें साथीमुळें विमानें थांबलीं, तेव्हां दूरदेशीं अडकलेल्या कित्येक मुलांनीं आईबापांचें शेवटचें दर्शन याच कांचेंतून घेतलें. तें दुःख पाहणें बरें कीं तीन वर्षांनीं धक्क्यावर उतरून ऐकणें बरें, याचा निवाडा आम्ही करूं शकत नाहीं. ज्यांच्यावर तो प्रसंग आला त्यांपैकीं कोणीहि तें दर्शन नको होतें असें म्हणाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आनंदीबाईंस आठवड्यांतून एकदां जरी असें पांच मिनिटें बोलतां आलें असतें, तरी त्यांच्या कांहीं रात्री सुखाच्या गेल्या असत्या. तेव्हां टपालाच्या काळाचें कौतुक करून आजच्या पिढीस नांवें ठेवावीं, असा आमचा मुळींच अभिप्राय नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, टपालाच्या वारामुळें एक गोष्ट नकळत घडत होती, ती आतां जाणूनबुजून घडवावी लागेल. आठवड्यांतून एकदां तरी विद्यार्थ्यास ‘माझें कसें चाललें आहे?’ हा प्रश्न स्वतःस विचारावा लागे, कारण त्याशिवाय कागद भरत नसे. रोजच्या बोलण्यांत ‘जेवलास कां?’ आणि ‘थंडी किती?’ या दोन प्रश्नांवर वेळ निभावून जातो. घराचें सान्निध्य मिळतें. स्वतःचा हिशेब मात्र द्यावा लागत नाहीं. आणि आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांची चिंता त्याहून वेगळी आहे. आज परदेशीं शिकणाऱ्या एखाद्या मुलीचें चरित्र पन्नास वर्षांनीं कोणी लिहूं म्हणेल, तर त्यास काय सांपडेल? बोलणें हवेंत विरून गेलें असेल, चित्रें यंत्राबरोबर मोडींत गेलीं असतील. काशीबाईंच्या हातीं जशी पत्रांची चळत आली, तशी कोणाच्या हातीं येणार?

म्हणून परदेशीं निघालेल्या विद्यार्थ्यांस निरोप देतांना आम्ही अलीकडे एक विनंती करीत असतों. रोज बोला, अवश्य बोला; पण आठवड्यांतील एक वार ठरवून त्या दिवशीं घरीं चार ओळी लिहून पाठवा, हव्या तर त्याच यंत्रावर लिहा, आणि घरच्यांनींहि त्यांस लिहूनच उत्तर द्यावें. बोलण्यांत जें सांगतां येत नाहीं, तें कित्येकदां लिहितांना सुचतें. आमच्या विनंतीस बहुतेक विद्यार्थी हंसून मान डोलवितात. मागील वर्षीं एका मुलाच्या आईनें मात्र आम्हांस वाटेंत थांबवून सांगितलें कीं, रविवारीं त्याचें लिहिलेलें येतें, आणि त्या रविवारीं दुपारीं ती कोठेंहि बाहेर जात नाहीं.